प्रकल्प नोंदी: किनारी एसटीपीतला (सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला) जादा गाळ कमी करणे (बार्देश, गोवा)

केंद्राची माहिती: एसबीआर पद्धत (एकाच टाकीत आळीपाळीने भरणे, हवा देणे, गाळ बसू देणे आणि वरचे पाणी काढणे), क्षमता 1 एमएलडी (दिवसाला दहा लाख लिटर), हंगामातली प्रत्यक्ष आवक सुमारे 650 घनमीटर. दोन टाक्या, कामकाजाचे सरासरी आकारमान मिळून 600 घनमीटर. चार तासांचे चक्र. जादा गाळ 40 घनमीटरच्या साठवण टाकीत जातो, तिथून स्क्रू प्रेसवर (पाणी पिळून काढणारे यंत्र). पिळून उरतो तो केक. सांडपाणी हॉटेले, वसाहती आणि काही उपाहारगृहांचे. प्राथमिक सेटलिंग टाकी नाही, त्यामुळे जाळीतून आणि ग्रिट चॅनेलमधून (वाळू बसवण्याच्या चरातून) जे सुटते ते सगळे थेट वायुवीजनात (हवा देण्याच्या टाकीत) येते.

9 जानेवारी

उन्हाळ्याआधी केक वाहून नेण्याचा भार निम्मा करायचा आहे. गाळ टिपर-फेऱ्यांत मोजायचा नाही, कोरड्या किलोत मोजायचा, हे पहिल्याच दिवशी ठरले. फेऱ्या केकमधल्या पाण्यावर चढतात-उतरतात आणि त्यावरून टाकीत काय चालले आहे ते कळत नाही.

आठवड्याची सरासरी:

आवक 650 घनमीटर, बीओडी (कुजणारी घाण, ती कुजवायला लागणाऱ्या प्राणवायूत मोजलेली) 240 मिग्रॅ/लि, म्हणजे दिवसाला 156 किलो बीओडी.
टाक्यांतला एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यातला घन गाळ) 2,400 मिग्रॅ/लि, म्हणजे साठा 1,440 किलो.
काढलेला गाळ 13.6 घनमीटर, 0.8 टक्के घट्ट, म्हणजे कोरडा 109 किलो.
बाहेर जाणाऱ्या पाण्यातला टीएसएस (न विरघळलेले घन कण) 12 मिग्रॅ/लि, म्हणजे सुमारे 8 किलो.

रोजचे उत्पादन 117 किलो. एक किलो बीओडीमागे 0.75 किलो. गाळाचे वय (गाळ सरासरी किती दिवस टाकीत राहतो ते) 1,440 भागिले 117, म्हणजे 12 दिवस.

केक 13 टक्के. 109 किलो कोरडा गाळ 840 किलो ओला होऊन टिपरमध्ये चढतो, त्यात 730 किलो नुसते पाणी. म्हणून काम दोन बाजूंनी करायचे. कोरडे किलो कमी करायचे आणि उरलेल्या किलोंमधले पाणी कमी करायचे. दोन्हींचा हिशेब मात्र वेगळा राहील.

16 जानेवारी

एमएलएसएसचे फिल्टर पेपर मफल भट्टीत 550 अंशांवर जाळले. एमएलव्हीएसएसचे (जळून जाणाऱ्या भागाचे) प्रमाण 0.62 आले. घरगुती सांडपाण्यात ते साधारण 0.7 ते 0.8 असते. राख बोटांत चोळली तर चरचरते. वाळू आहे.

117 किलोंपैकी 38 टक्के, म्हणजे 44 किलो, रोज जळून न जाणारा भाग. जिवाणूंच्या स्वतःच्या राखेचे 9 किलो सोडा. उरलेले 35 किलो वाळू आणि माती. गाळाचे वय कितीही वाढवले तरी यातला एक ग्रॅमही कमी होणार नाही, कारण वाळू कोणी खात नाही.

म्हणून क्रम बदलला. गाळाचे वय वाढवण्याचे काम दुसरे, वाळू अडवण्याचे पहिले. वयाचे पुस्तकातले सूत्र फक्त जैविक भागाला (जिवाणूंच्या पेशींना) लागू पडते आणि आपल्याकडे तो भाग निम्म्याहून कमी आहे. हे न पाहता थेट ब्लोअर (हवा देणारी यंत्रे) वाढवले असते तर वीज गेली असती आणि टिपर तसाच भरत राहिला असता.

30 जानेवारी

वाळूचा माग लागला. समुद्रावरून येणारे पर्यटक हॉटेलच्या फाटकाशी पाय धुतात आणि शॉवर घेतात. तिथले पाणी कोणत्याही अडथळ्याविना गटारवाहिनीला जोडलेले आहे. सर्वांत जास्त वाळू याच जागांहून येते. ग्रीस ट्रॅपचा तिथे उपयोग नाही, त्यांची रचना तेलासाठी.

प्रत्येक पाय-धुण्याच्या जागेखाली चेंबर बांधून घेतले: आतून 600 बाय 600 मिमी, खोली 900. बाहेर जाणारा पाइप तळापासून 450 मिमीवर, त्याला खाली तोंड केलेला एल्बो, म्हणजे तरंगता कचरा अडतो आणि खाली वाळूला जागा राहते. एका शॉवरचा प्रवाह सेकंदाला 0.3 लिटर धरला तर वर चढणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला एक मिमीहून कमी पडतो. समुद्रकिनाऱ्याची बारीक वाळूही त्याच्या कितीतरी पट वेगाने खाली बसते. चिऱ्याचे बांधकाम आतून गिलावा न करता सोडू नये. जांभा पाझरतो, आणि पावसात भूजल वर आले की हेच चेंबर उलट पाणी आत घेते.

उपसा आठवड्यातून दोनदा. वाळू 300 मिमीवर गेली की चेंबर निरुपयोगी. हॉटेलांच्या देखभाल कर्मचाऱ्यांना खूण केलेली काठी दिली आहे: काठी लाल पट्ट्यापर्यंत रुतली की उपसायचे.

केंद्रातल्या ग्रिट चॅनेलमध्ये वेग सेकंदाला 0.3 मीटर हवा. दुपारी आवक कमी असताना दोन्ही गाळे (चॅनेलचे कप्पे) चालू ठेवले की वेग पडतो आणि वाळूबरोबर सेंद्रियही बसते, त्याला वास येतो. दुपारी एकच गाळा चालवायचा.

6 फेब्रुवारी

आता गाळाचे वय. नव्या पेशी तयार होतात तशा जुन्या स्वतःलाच जाळत जगतात. गाळ जितका जास्त दिवस टाकीत राहील तितके हे जळणे जास्त. एक किलो बीओडीमागे 0.6 किलो पेशी बनतात असे धरले आणि आपल्या 28 अंशांच्या पाण्यात रोजची झीज 0.08 धरली, तर 12 दिवसांच्या वयाला निव्वळ 0.30 उरतात, 22 दिवसांना 0.22. आपल्या भारावर फरक दिवसाला 12-13 किलो. एकूण गाळाच्या मानाने दहावा हिस्सा. थंड प्रदेशात यासाठी बरेच जास्त दिवस लागतात, इथले गरम पाणी आपल्या कामी येते.

किंमत प्राणवायूत मोजायची. एक किलो पेशी जाळायला 1.42 किलो प्राणवायू, म्हणजे दिवसाला 17 किलो. आपल्या बारीक बुडबुड्यांच्या डिफ्युजरना (टाकीच्या तळाशी हवा सोडणाऱ्या साधनांना) त्यासाठी साधारण 13-14 युनिट वीज. परवडते.

गाळ काढणे एकदम बंद करायचे नाही. एका वेळी दहा-पंधरा टक्के कपात, मग पाच-सहा दिवस थांबून सेटलिंग पाहायचे. लक्ष्य एमएलएसएस 3,300. रोज सकाळी एक लिटरच्या सिलिंडरमध्ये अर्ध्या तासाचे सेटलिंग आणि डिकँटर (वरचे निवळलेले पाणी काढून घेणारे साधन) थांबतो त्या पातळीखाली गाळाची रेघ किमान 30 सेमी. ती त्याहून वर आली तर कपात तिथेच थांबेल.

20 फेब्रुवारी

कार्निव्हालच्या दिवसांत आवक चढी राहिली, तरी केक मात्र कमी दिसतो आणि सगळ्यांना आनंद झाला आहे. आनंद आत्ताच करायचा नाही. गेल्या आठवड्याचा पूर्ण हिशेब असा:

काढलेला 546 किलो, पाण्यातून गेलेला 49 किलो, एमएलएसएस 2,550 वरून 2,880 वर गेला म्हणजे साठ्यात वाढ 198 किलो. बेरीज 793, दिवसाला 113.

म्हणजे उत्पादन जवळपास जिथल्या तिथे आहे. गाळ कमी झालेला नाही, टाकीत साठला आहे. वय वाढवण्याच्या काळात हा भास प्रत्येक केंद्रात होतो. साठवायची जागा संपली की एका जोराच्या पावसात तोच गाळ डिकँटरमधून ओढ्यात जातो, आणि तोही कागदावर "घट" म्हणूनच दिसतो. पाण्यातून निसटलेल्या गाळाला घट म्हणणे म्हणजे केंद्र कशासाठी बांधले तेच विसरणे. म्हणून पुढे प्रत्येक नोंदीत तिन्ही आकडे येतील: काढलेला, निसटलेला, साठलेला. एकटा आकडा लिहायचा नाही.

1 मार्च

प्रेस. पॉलिमर (गाळाच्या गुठळ्या करणारे रसायन) एक टन कोरड्या गाळामागे 8.5 किलो लागते आहे आणि केक तरीही 13 टक्के. फिल्टरेट (प्रेसमधून निथळलेले पाणी) गढूळ. नेहमीच्या सांडपाणी-गाळाला चार ते सात किलोत काम व्हायला हवे.

बीकर चाचणी: 0.8 टक्क्यांचा अर्धा लिटर गाळ, त्यात कोरडा 4 ग्रॅम. पॉलिमरचे द्रावण 0.1 टक्का, म्हणजे एका मिलीत एक मिलिग्रॅम. 12, 16, 20, 24, 28 मिली घातले की अनुक्रमे टनामागे 3, 4, 5, 6, 7 किलो. एका बीकरमधून दुसऱ्यात दहा वेळा ओतायचे, मग प्रेसच्या जाळीच्या तुकड्यावर रिकामे करून पाणी किती पटकन आणि किती स्वच्छ निथळते ते पाहायचे. गुठळी ओतण्यात तुटली तर मात्रा कमी किंवा पॉलिमर चुकीचे. गुठळी बुळबुळीत, चिकट आणि खालचे पाणी फेसाळ असेल तर मात्रा जास्त.

नळपाण्यात बनवलेल्या ताज्या द्रावणाने 5 किलोलाच घट्ट गुठळी दिली. प्रेसच्या टाकीतल्या द्रावणाला तेच करायला 8 लागले. पॉलिमर तेच, पाणी वेगळे. प्रेसचे द्रावण प्रक्रिया केलेल्या पाण्यात बनते आणि त्यात उरलेला क्लोरीन असतो. क्लोरीन पॉलिमरच्या लांब साखळ्या तोडतो. जोडणी क्लोरीनच्या आधीच्या बिंदूवर घेता आली असती, पण त्या पाण्यात बारीक गाळ असतो आणि तोच थोडे पॉलिमर खातो. म्हणून नळपाणी.

बाकी बदल: भुकटी एकदम न ओतता शिंपडत घालणे, हळू ढवळणे, किमान 45 मिनिटे भिजू देणे, एका दिवसात संपवणे. वेगाच्या पंपाने द्रावण ढकलू नये, त्यानेही साखळ्या तुटतात. सांडलेल्या भुकटीवर पाणी मारू नका, फरशी बर्फासारखी निसरडी होते. आधी कोरडी झाडून घ्या, किंवा मीठ टाका.

साठवण टाकीत गाळ चोवीस तासांपेक्षा जास्त बिनहवेचा राहिला की कुजतो आणि प्रेसवर पाणी सोडत नाही. रात्री सेटल करून सकाळी वरचे पाणी काढायचे, 1.8 टक्क्यांना घट्ट झालेला गाळ त्याच दिवशी संपवायचा. काढलेले पाणी आणि फिल्टरेट परत टाकीच्या तोंडाशी जाते, म्हणून फिल्टरेटचा टीएसएसही रोज घ्यायचा. तो गढूळ असेल तर प्रेस गाळ वेगळा करत नाही, नुसता गोल फिरवतो.

आठवड्याअखेर: 5.5 किलो, केक 18-19 टक्के.

14 मार्च

पीएच 6.3. बाहेरच्या पाण्यात टाचणीच्या टोकाएवढे कण, टीएसएस 24. दुपारी सेटलिंगच्या अखेरीस गाळाचे गोळे वर तरंगतात.

कारण साखळीने उलगडते. आधी टाकीतला विरघळलेला प्राणवायू (डीओ) 0.5-0.8 मिग्रॅ/लि होता, नायट्रीकरण (अमोनियाचे नायट्रेट होणे) अर्धवट. जास्त साठ्याला पुरेशी पडावी म्हणून हवा वाढवली, डीओ 2.5 वर गेला, नायट्रीकरण पूर्ण होऊ लागले. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे 7.14 मिलिग्रॅम अल्कलिनिटी (पीएच घसरू न देणारी पाण्याची क्षमता) खर्च होते. आपल्याकडे 33 मिग्रॅ/लि नायट्रोजन, खर्च 236. आत येणाऱ्या पाण्यात आहे 200. बार्देशात येणारे अस्नोड्याचे नळपाणी मऊ, जांभ्यातल्या विहिरींचे पाणी तर किंचित आम्लच. कोकणपट्टीत पाठ्यपुस्तकातली अल्कलिनिटी गृहीत धरून चालत नाही.

तरंगणारे गोळे त्याच नायट्रेटचे. तळाशी हवा नसताना नायट्रेटचा नायट्रोजन वायू बनतो आणि गाळाला उचलतो. पाणी तीस अंशांवर असल्यामुळे हे लवकर होते.

तात्पुरते: सोडियम बायकार्बोनेट दिवसाला 33 किलो, म्हणजे लिटरला 30 मिग्रॅ अल्कलिनिटीची भर. चुना स्वस्त पडतो, पण त्याचे न विरघळलेले कण आणि कॅल्शियम कार्बोनेट पुन्हा गाळातच जमा होतात. जो आकडा खाली आणायला निघालो त्यातच भर कशाला.

27 मार्च

कायमचा उपाय बसला. प्रत्येक चक्रात पाणी भरण्याची पहिली 45 मिनिटे ब्लोअर बंद, फक्त मिक्सर. आधीच्या चक्राचे उरलेले नायट्रेट नव्या सांडपाण्यातल्या बीओडीवर खर्च होते आणि एक मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजनमागे 3.57 अल्कलिनिटी परत मिळते. डीओचे लक्ष्य 1.5 वर आणले. पीएच 6.9. बायकार्बोनेट बंद. गोळे तरंगत नाहीत. ब्लोअरचे तासही कमी झाले, त्यामुळे साठा वाढवून जी वीज जास्त लागणार होती त्यातली बरीच इथे भरून आली.

मिक्सर नसलेल्या छोट्या केंद्रांत हेच थोड्या हवेने करता येते: दर दहा-बारा मिनिटांनी अर्धा मिनिट ब्लोअर, गाळ खाली बसू नये एवढाच.

2 एप्रिलपासून एका पुरवठादाराची "गाळ खाणारी" कल्चर (जिवाणूंची) भुकटी फक्त टाकी 1 मध्ये घालायची, टाकी 2 तशीच. दोन्हींचा काढलेला गाळ वेगळा मोजायचा. निर्णय गाळाच्या वयाच्या किमान दुप्पट दिवसांनी, आधी नाही. दहा दिवसांत दिसणारा फरक बहुधा साठ्यातला असतो.

22 एप्रिल

आवक 600 घनमीटर, बीओडी 235, भार 141 किलो. काढलेला 73 किलो, निसटलेला 6, साठा तीन आठवडे स्थिर. उत्पादन 79 किलो. एमएलएसएस 3,300, सेटलिंग 380 मिली, एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिली जागा घेतो ते) 115. एमएलव्हीएसएसचे प्रमाण 0.68 च्या वर.

एक किलो बीओडीमागे 0.56. जानेवारीच्या भारावर हे 87 किलो होते, म्हणजे 117 मधून 30 गेले. राखेच्या हिशेबाने त्यातले 18 च्या आसपास वाळूचे, बाकी वयाचे. केक 19 टक्के. जानेवारीच्या भारावर टिपरमध्ये 840 ऐवजी 416 किलो चढले असते.

कोरड्या किलोंच्या घटीत सर्वांत मोठा एकटा वाटा वाळूच्या चेंबरांचा. त्यात वीज नाही, रसायन नाही.

6 मे

गाळ बिनहवेच्या टाकीत उपाशी ठेवून परत वायुवीजनात आणण्याच्या पद्धतीचा विचार झाला. किमान 1990 च्या दशकापासून तिच्यावर काम झालेले आहे आणि ओआरपी (प्राणवायूचा अभाव किती ते दाखवणारा विद्युतदाब) उणे 250 मिलिव्होल्टच्या आसपास नेला तर घट मिळते. साठवण टाकी मोकळी ठेवता येईल. तरीही इथे नाही. भरतीच्या वेळी आपल्या सखल भागातल्या वाहिन्यांत खारे भूजल शिरते, क्लोराइडचा आकडा भरती-ओहोटीबरोबर हलतो. खाऱ्या पाण्याबरोबर सल्फेट येते आणि बिनहवेच्या टाकीत त्याचे हायड्रोजन सल्फाइड होते. झाकणाखाली काम करणाऱ्याच्या जिवाला धोका, काँक्रीटला वेगळाच. शिवाय फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो.

ओझोनने पेशी फोडणे जमते, पण दिवसाला ऐंशी-नव्वद किलो गाळासाठी ओझोन जनरेटर आणि त्याची देखभाल यांचा हिशेब बसत नाही. मोठ्या केंद्राचे गणित वेगळे निघू शकते.

28 मे

कल्चर भुकटीचा निकाल: दोन्ही टाक्यांचे उत्पादन मोजमापाच्या फरकाच्या आत सारखे. बंद.

पावसाची तयारी. सखल रस्त्यांवरच्या मॅनहोलच्या चौकटी उचलून झाकणांना रबरी पट्टी. छपराच्या पन्हळी गटारवाहिनीला जोडल्या आहेत का, ते चेंबरमध्ये बादलीभर रंगीत पाणी ओतून तपासले, ज्या सापडल्या त्या तोडून पावसाळी गटाराला वळवल्या. वाळवण्याच्या वाफ्यांवर पारदर्शक पॉलिकार्बोनेट छप्पर, बाजू उघड्या, वाऱ्याच्या दिशेला पावसाची झड अडवायला जाळी. पॉलिमरच्या गोण्या फळीवर, प्लास्टिकच्या पिंपात. दमट हवेत भुकटीचे खडे होतात आणि खडा आतून कधीच भिजत नाही.

पाऊस लागण्यापूर्वी साठा मुद्दाम उतरवला: एमएलएसएस 3,300 वरून 2,700. त्या दिवसांत काढलेला गाळ जास्त दिसेल, पण ते उत्पादन नाही.

18 जून

आवक 1,150 घनमीटर, बीओडी 120. चक्र तीन तासांवर आणले, सेटलिंगचा वेळ मात्र कमी केला नाही, वायुवीजनातून कापला. निसटलेला टीएसएस 16. गाळाची रेघ डिकँटरखाली 45 सेमी. साठा उतरवला नसता तर हे अंतर तीसच्या आत आले असते.

राखेचे प्रमाण पुन्हा चढले, या वेळी वाळू नाही, लाल माती. ती बारीक असल्यामुळे चेंबरांत बसत नाही. उगम वाहिन्यांच्या फुटक्या सांध्यांत. पाऊस थांबल्यावर रात्री दोन ते चारच्या दरम्यान मॅनहोल उघडून पाहणे हाच शोधण्याचा मार्ग: त्या वेळी वापर नसतो, जे वाहते ते झिरपलेले.

9 जुलै

छपराखालीही 19 टक्क्यांचा केक जुलैत वाळत नाही, हवाच पाण्याने भरलेली. 20 सेमीऐवजी 8-10 सेमीचा थर आणि रोज फावड्याने उलटणे एवढ्याने 26-27 पर्यंत जातो, पुढे नाही. उरलेल्यासाठी काथ्याचा भुसा आणि सुका पाला मिसळून ढीग. ढीग आतून 55 अंशांवर पंधरा दिवस राहिला पाहिजे आणि त्या काळात किमान पाच वेळा परतला पाहिजे, तर जंतांची अंडी मरतात. थर्मामीटर ढिगाच्या पोटात खुपसायचा, वरच्या कडेला नाही. जवळच्या बागायतदारांनी माडांच्या आळ्यात घालायला मागणी केली आहे. जंतांची अंडी आणि जड धातूंचा अहवाल येईपर्यंत एक घमेलेही द्यायचे नाही.

3 ऑक्टोबर

चवथीनंतर आवक 480 वर स्थिरावली, आता हंगामाबरोबर चढेल. एमएलएसएस 2,600 वर आहे, तो नोव्हेंबरअखेर 3,300 पर्यंत न्यायचा, पाच-सहा दिवसांच्या पायऱ्यांनी. सगळी वाळू-चेंबरे उघडून पाहिली: चारांत एल्बो गायब, कोणीतरी तुंबा काढताना उपसून टाकला आहे. एल्बो नसला की चेंबर फक्त खड्डा. नवे बसवून तळाशी साखळीने बांधायचे, पहिली चार्टर विमाने यायच्या आत. टाकी 2 रिकामी करून डिफ्युजरखालची वाळू मोजायची. ती एमएलएसएसमध्ये दिसत नाही, म्हणून साठ्याच्या हिशेबात तिचा वेगळा रकाना घातला आहे.